ताकद घटत गेली, मागणी वाढत गेली : सत्तरच्या दशकातील पॉन्टिॲक ट्रान्स ॲम

ओहायोत स्थायिक झालेल्या एका मराठी गृहस्थांनी विचारले आहे की, त्यांच्या घराजवळ १९७८ सालची, काळ्या रंगाची आणि सोनेरी रेघांची पॉन्टिॲक फायरबर्ड ट्रान्स ॲम विक्रीला आहे. इंजिन साडेसहा लिटरचे असूनही कागदावर तिची ताकद फार तर २२० हॉर्सपॉवर दिसते, म्हणजे आजच्या चार सिलिंडरच्या घरगुती सेडानपेक्षा फारशी जास्त नाही. मग लोक या गाडीच्या एवढे मागे का लागतात, तिची पार्श्वभूमी काय आहे, आणि घ्यायचीच झाली तर काय पाहून घ्यावी? जुन्या अमेरिकन गाड्यांची इंजिने उतरवून पुन्हा बांधणे हे माझे अनेक वर्षांचे काम असल्यामुळे हा प्रश्न मला थोड्याफार फरकाने नेहमी विचारला जातो. त्यातल्या तीनही भागांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून ती सलगच देतो.

या गाडीच्या बाबतीत ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की तिची ताकद आणि तिची विक्री सबंध दशकभर उलट दिशांनी चालत राहिल्या. १९७० मध्ये ३४५ हॉर्सपॉवरची ट्रान्स ॲम ३,१९६ जणांनी घेतली. १९७९ मध्ये बहुतेक गाड्यांची ताकद १८५ हॉर्सपॉवरवर आली होती, आणि त्या वर्षी १,१७,१०८ गाड्या बनल्या. निव्वळ वेगासाठी लोक गाडी घेत असते तर हे आकडे नेमके उलटे दिसले असते. तेव्हा ओढ कशाची होती हे शोधायचे असेल तर वेगाच्या पलीकडे पाहावे लागते, आणि त्याआधी ताकदीचा तो आकडा मुळात कितपत विश्वासार्ह आहे हेही तपासावे लागते.

सुरुवात १९६७ ची. शेवरोलेची कॅमारो आणि पॉन्टिॲकची फायरबर्ड या जनरल मोटर्सच्या दोन बहिणी फोर्डच्या मस्टँगला उत्तर म्हणून एकाच सांगाड्यावर उभ्या राहिल्या. मार्च १९६९ मध्ये फायरबर्डची एक खास आवृत्ती आली, पांढऱ्या रंगाची आणि निळ्या पट्ट्यांची. तिला 'ट्रान्स ॲम' हे नाव अमेरिकेतील स्पोर्ट्स कार क्लबच्या ट्रान्स-अमेरिकन शर्यतमालिकेवरून दिले गेले आणि त्या नावासाठी पॉन्टिॲकने क्लबला प्रत्येक गाडीमागे पाच डॉलर देण्याचे मान्य केले. यातला विनोद असा की त्या मालिकेत इंजिनाची मर्यादा पाच लिटरची होती, आणि रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या ट्रान्स ॲमचे इंजिन होते साडेसहा लिटरचे. शर्यतीसाठी योजलेले ३०३ घनइंचांचे छोटे इंजिन ग्राहकांपर्यंत कधी पोहोचलेच नाही. पहिल्या वर्षी ६९७ गाड्या बनल्या, त्यांपैकी आठच उघड्या टपाच्या होत्या.

आपण ज्या गाडीबद्दल बोलत आहोत ती मात्र फेब्रुवारी १९७० मध्ये आलेली दुसरी पिढी. बिल मिचेल त्या वेळी जनरल मोटर्सच्या डिझाइन विभागाचे प्रमुख होते आणि पॉन्टिॲकच्या स्टुडिओत बिल पोर्टर यांच्या देखरेखीखाली ही आकृती घडली. लांबलचक बॉनेट, मागे सरकलेले बुटके छप्पर, मागच्या बाजूची छोटी काच काढून टाकल्यामुळे एकसंध दिसणारी कूस आणि अतिशय लांब दारे अशी ती रचना होती. अमेरिकन गाडीपेक्षा इटालियन गाडीची आठवण व्हावी अशा या पत्र्यात, नाकाचे आणि शेपटीचे बदल सोडले तर, पुढची बारा मॉडेल-वर्षे मूळ बांधा तोच राहिला. हर्ब ॲडम्स यांच्यासारख्या अभियंत्यांनी तिच्या चासीवर मन लावून काम केले होते. पुढे-मागे जाड अँटी-रोल बार (वळणात गाडीला कलू न देणारे दांडे), कडक स्प्रिंगा, जलद स्टिअरिंग, आणि चाकांच्या पुढे व डिकीवर हवेचा दाब सांभाळणारे पंख त्यात होते. त्या काळच्या बहुतेक अमेरिकन 'मसल' (मोठ्या, जोरकस इंजिनाच्या) गाड्या सरळ रस्त्यावर पळत आणि वळण आले की नांगी टाकत. ट्रान्स ॲम वळणातही तग धरत असे. हा गुण मला महत्त्वाचा वाटतो, कारण इंजिनाची ताकद पुढे सरकारी नियमांनी कमी केली, पण वळण घेण्याची क्षमता कमी करा असे कोणताच नियम सांगत नव्हता.

आता त्या आकड्यांकडे येऊ. १९७१ पर्यंत अमेरिकन कंपन्या ताकद 'ग्रॉस' पद्धतीने सांगत. इंजिन स्टँडवर ठेवायचे, एअर फिल्टर, पंखा, डायनामो, गाडीचा खरा सायलेन्सर यांपैकी काहीही जोडायचे नाही, आणि मग जो आकडा मिळेल तो जाहिरातीत छापायचा. १९७२ पासून 'नेट' पद्धत आली, म्हणजे इंजिन गाडीत जसे बसते तसेच सर्व साजासह मोजायचे. १९७१ च्या ४५५ घनइंचांच्या 'एचओ' (हाय आउटपुट) इंजिनाचा आकडा ३३५ होता. तेच इंजिन १९७२ मध्ये ३०० झाले, आणि ही घट प्रत्यक्षात इंजिनात नव्हतीच, ती मोजणीतली होती. त्यामुळे १९७० चे ३४५ आणि १९७८ चे २२० हे दोन आकडे एका ओळीत ठेवून वजाबाकी करणे चूक आहे. खरी घटही झाली, हे मी नाकारत नाही. १९७१ मध्ये जनरल मोटर्सने शिसे कमी असलेल्या पेट्रोलसाठी सर्व इंजिनांचे कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण दाबले जाण्याचे प्रमाण) उतरवले आणि १९७५ मध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारे उपकरण) आल्यावर दोन सायलेन्सरांची वाट एकाच अरुंद नळीतून जाऊ लागली. परंतु ती घट कागदावर वाटते त्याच्या निम्म्याच्या आसपास असावी असा माझा अंदाज आहे.

१९७२ हे वर्ष या गाडीच्या मुळावरच आले होते. सिनसिनाटीजवळच्या नॉरवूड कारखान्यात, जिथे फायरबर्ड आणि कॅमारो बनत, तिथे १७४ दिवसांचा संप झाला. अर्धवट बनलेल्या अकराशेच्या आसपास गाड्या साखळीवर तशाच अडकल्या, आणि संप मिटला तेव्हा १९७३ चे बंपरविषयक नवे नियम दारात उभे असल्यामुळे त्या विकताही येईनात. अखेर त्या भंगारात गेल्या. त्या वर्षी ट्रान्स ॲम अवघ्या १,२८६ बनल्या. ही संपूर्ण जातच बंद करावी असा विचार कंपनीत गंभीरपणे चालला होता. आज १९७२ ची अस्सल ट्रान्स ॲम दिसली की जाणकार तिच्याभोवती दोनदा फिरतात, त्याचे कारण हेच.

बंद करण्याऐवजी पॉन्टिॲकच्या अभियंत्यांनी जे केले ते मला आजही धाडसाचे वाटते. सगळे उद्योग इंजिने लहान करण्याच्या वाटेवर असताना त्यांनी १९७३ मध्ये 'सुपर ड्यूटी ४५५' आणले, म्हणजे मजबूत केलेला ब्लॉक, फोर्ज केलेले कनेक्टिंग रॉड, नव्या घडणीचे हेड आणि साडेसात लिटर. कॉम्प्रेशन अवघे ८.४ होते, म्हणजे साधे पेट्रोल चालेल असे, पण आतली बांधणी शर्यतीच्या इंजिनाची होती. आधी ३१० हॉर्सपॉवर जाहीर झाली आणि मग उत्सर्जन चाचणीतल्या आक्षेपामुळे कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बदलावा लागून ती २९० वर आली. १९७३ मध्ये २५२ आणि १९७४ मध्ये ९४३ ट्रान्स ॲमना हे इंजिन मिळाले. असे इंजिन एकदा माझ्याकडे उघडले होते. कनेक्टिंग रॉड हातात घेतल्याबरोबर फरक वजनातच कळतो, नेहमीच्या ४५५ चा ओतीव रॉड त्याच्या शेजारी बारीक वाटतो. व्ही.आय.एन. क्रमांकाच्या (प्रत्येक गाडीचा ओळख-क्रमांक) पाचव्या जागी 'एक्स' हे अक्षर नसेल तर ती सुपर ड्यूटी नव्हे, विकणारा काहीही सांगो.

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखले, पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या आणि जानेवारी १९७४ मध्ये देशभर ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा आली. त्याच वर्षी स्पर्धेचे मैदान जवळजवळ रिकामे झाले. प्लिमथ बाराकुडा, डॉज चॅलेंजर आणि एएमसी जॅव्हेलिन १९७४ नंतर बंद झाल्या. मस्टँग आकसून छोट्या पिंटोच्या सांगाड्यावर गेली. आणि कॅमारोची झी-२८ आवृत्तीही १९७४ नंतर थांबली, ती १९७७ मध्ये परतली. मोठे इंजिन, चार-गतींचा हाताचा गिअर आणि अंगावर उघड मिरवणारा डौल या तिन्ही गोष्टी एकत्र हव्या असतील तर शोरूममध्ये आता ट्रान्स ॲम आणि शेवरोलेची कॉर्व्हेट एवढेच पर्याय उरले. आणि कॉर्व्हेट बरीच महाग होती. १९७५ मध्ये २७,२७४ आणि १९७६ मध्ये ४६,७०१ ट्रान्स ॲम बनल्या. पुढे ज्या चित्रपटाला सगळे श्रेय दिले जाते तो तोवर आलेलाही नव्हता, हे या आकड्यांवरून लक्षात घ्यावे.

बॉनेटवरच्या पक्ष्याबद्दलही थोडे सांगायला हवे, कारण रस्त्यावर गाडी ओळखू येते ती त्याच्यामुळे. आधीच्या गाड्यांच्या नाकावर एक छोटासा पक्षी असे. पंख पसरून अख्खे बॉनेट व्यापणारा पक्षी प्रथम दाखवला गेला तेव्हा मिचेल यांना तो मुळीच रुचला नव्हता. पुढे पॉन्टिॲकचे डिझायनर जॉन शिनेला यांनी पिच्छा सोडला नाही आणि १९७३ मध्ये तो जादा पैशांचा पर्याय म्हणून यादीत आला. चाहते त्याला प्रेमाने 'किंचाळणारी कोंबडी' म्हणतात. काळा-सोनेरी जोडरंग १९७६ चा. पॉन्टिॲकच्या पन्नाशीनिमित्त शिकागोच्या मोटार प्रदर्शनात मांडलेल्या मर्यादित आवृत्तीत तो प्रथम दिसला, आणि त्या काळातील फॉर्म्युला वनच्या जॉन प्लेअर स्पेशल लोटस गाड्यांशी त्याचे नाते उघड आहे. काळ्या पत्र्यावर सोनेरी बारीक रेघा, जुन्या जर्मन वळणाची अक्षरे, सोनेरी चाके, आत डॅशबोर्डवर गोल-गोल घासलेल्या धातूची सोनेरी पट्टी, आणि बहुतेकींच्या डोक्यावर काढता येणाऱ्या दोन काचा. त्या वर्षी अशा २,५९० गाड्या बनल्या. एवढे सगळे एकत्र आले तर भडक व्हायला हवे, आणि भडक ते आहेच. पण त्या रेघा पत्र्याच्या मूळ वळणांवरूनच ओढलेल्या असल्यामुळे डोळ्याला खटकत नाहीत. नकली गाड्या इथेच उघड्या पडतात, कारण बाजारात मिळणारे स्टिकर लावणारा कारागीर रेघ वळणापासून अर्धा इंच खाली-वर घेतो आणि सगळा तोल जातो.

मे १९७७ मध्ये हॅल नीडहॅम यांचा 'स्मोकी अँड द बँडिट' प्रदर्शित झाला. टेक्सारकानाहून अटलांटापर्यंत बिअरचा ट्रक न्यायचा आणि पोलिसांचे लक्ष ट्रकवरून हटवण्यासाठी बर्ट रेनॉल्ड्सने पुढे काळी ट्रान्स ॲम पळवायची, एवढीच गोष्ट. त्या वर्षी अमेरिकेत त्याच्यापेक्षा जास्त कमाई फक्त 'स्टार वॉर्स'ने केली. ताशी ५५ मैलांच्या मर्यादेला कंटाळलेल्या प्रेक्षकाला, कायद्याला हुलकावणी देणारा हसरा नायक आणि त्याची गाडी दोन्ही आवडली यात नवल नाही. विक्री १९७७ मध्ये ६८,७४५ आणि १९७८ मध्ये ९३,३४१ वर गेली. चित्रपटाने आगीत तेल ओतले हे खरे, परंतु आग आधीच पेटलेली होती असे माझे मत आहे.

आता गाडी चालवताना काय मिळते ते पाहू, कारण एवढ्या वर्षांनी पोस्टरवरून कोणी पैसे मोजत नाही. पॉन्टिॲकचे ४०० घनइंचांचे इंजिन म्हणजे ६,५५५ सीसी. ज्यांचे बालपण १,०८९ सीसीच्या पद्मिनीत गेले त्यांनी तशी सहा इंजिने एकत्र जोडलेली कल्पावीत. १९७८ मध्ये डब्ल्यू-७२ या जास्त ताकदीच्या पर्यायातील इंजिनाची २२० हॉर्सपॉवर मिनिटाला ४,००० फेऱ्यांवरच मिळते. आजची छोटी इंजिने तेवढ्याच ताकदीसाठी साडेपाच-सहा हजारांवर किंचाळतात. पॉन्टिॲकचा टॉर्क (चाके फिरवणारा जोर) अगदी खालच्या फेऱ्यांपासून हजर असतो. सिग्नल सुटला आणि ॲक्सिलरेटर नुसता टेकवला तरी सोळाशे-सतराशे किलोंची गाडी खांद्याने ढकलल्यासारखी पुढे सरकते. शून्यापासून साठ मैल गाठायला तिला सात सेकंदांच्या आसपास लागतात. आजच्या हिशेबाने हे काही फार नाही, पण तो पिकअप ज्या सहजतेने मिळतो ती सहजता आकड्यात मावत नाही.

त्यात रॉचेस्टरच्या क्वाड्राजेट कार्ब्युरेटरचा मोठा वाटा आहे. त्याची पुढची दोन तोंडे लहान आणि मागची दोन प्रचंड मोठी असतात. नेहमीच्या चालीत फक्त पुढची दोन उघडतात, म्हणून इंजिन शांत असते. पाय खाली दाबला की मागची दोन उघडतात आणि हवा आत ओढल्याचा एक खोल, घोगरा आवाज येतो. तो आवाज बॉनेटच्या मध्यातून वर आलेल्या 'शेकर'मधून येतो असे वाटते. शेकर हा हवेचा डबा बॉनेटवर बसवलेला नसतो. तो थेट इंजिनावर असतो आणि बॉनेटला पाडलेल्या भोकातून डोकावतो. त्यामुळे सिग्नलला उभे असताना जरा रेस केली की तो टॉर्कच्या झटक्याने उजवीकडे कलतो आणि परत जागेवर येतो, आणि हे सगळे चालकाच्या डोळ्यांसमोर घडते. त्याचे तोंड मागे, काचेकडे आहे, कारण चालत्या गाडीत काचेच्या पायथ्याशी हवेचा दाब वाढतो. १९७२ पर्यंत ते तोंड पूर्ण रेस दिल्यावर उघडत असे. १९७३ पासून आवाजाच्या नियमांमुळे कंपनीने ते बंदच करून टाकले, आणि पुष्कळ मालकांनी घरी आणल्यावर पहिले काम केले ते ते कापून उघडण्याचे. तुम्ही पाहाल त्या गाडीचे तोंड कापलेले असेल तर त्याला दोष मानू नये, फक्त कापण्यातली सफाई बघावी.

इंजिनांची भानगड मात्र नीट समजून घ्यावी लागते, कारण किमतीतला निम्मा फरक तिच्यात आहे. १९७७ पासून पॉन्टिॲकला स्वतःचे ४०० पुरेसे मिळेना आणि कॅलिफोर्नियासारख्या कडक राज्यांत ते बसेना, म्हणून अनेक गाड्यांत ओल्डस्मोबिलचे ४०३ घनइंचांचे इंजिन घातले गेले. तेही ६.६ लिटरचेच, १८५ हॉर्सपॉवरचे, आणि त्याच्यासोबत फक्त ऑटोमॅटिक गिअर येई. शेकरवर 'टी/ए ६.६' लिहिले असेल तर डब्ल्यू-७२, आणि '६.६ लिटर' असे लिहिले असेल तर साधे ४०० किंवा ओल्डस्मोबिलचे ४०३, असा मूळ संकेत आहे. परंतु स्टिकर कोणीही विकत आणून लावतो, त्यावर विसंबू नये. बॉनेट उघडल्यावर तेल भरण्याची उभी नळी इंजिनाच्या पुढच्या टोकाला दिसली तर ते ओल्डस्मोबिल; झाकण व्हॉल्व्ह कव्हरवर असेल तर पॉन्टिॲक. व्ही.आय.एन. क्रमांक काचेतून डॅशबोर्डच्या चालकाकडील कोपऱ्यात वाचता येतो. तो 'दोन, डब्ल्यू, आठ, सात' असा सुरू व्हायला हवा, नाहीतर ती मुळात ट्रान्स ॲमच नव्हे, साध्या फायरबर्डला चढवलेले सोंग आहे. त्यापुढचे अक्षर 'झेड' असेल तर पॉन्टिॲक ४००, 'के' असेल तर ४०३. साधे ४०० आणि डब्ल्यू-७२ या दोघांनाही १९७८ मध्ये 'झेड'च आहे, त्यामुळे शेवटचा निवाडा पॉन्टिॲक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडे मिळणाऱ्या मूळ बिलाच्या प्रतीवरूनच होतो. ती प्रत मागवण्याचा खर्च गाडीच्या किमतीपुढे नगण्य आहे आणि ती न पाहता व्यवहार करू नये. त्याच बिलावर डब्ल्यूएस-६ हा पर्यायही दिसला तर उत्तम, कारण त्यात रुंद चाके, जलद स्टिअरिंग आणि जाड मागचा अँटी-रोल बार येतो, आणि गाडी वळणात जी वाखाणली जाते ती याच पर्यायामुळे.

४०३ म्हणजे टाकाऊ, असा एक समज पसरलेला आहे. तो मला अन्यायाचा वाटतो. त्याचा ब्लॉक आतून नाजूक आहे, त्याला फोडून ताकद वाढवायला गेलात तर पस्तावाल. पण रविवारी सकाळी शंभर मैलांचा फेरफटका मारायचा असेल तर ते शांत, गुळगुळीत आणि दीर्घायुषी इंजिन आहे, शिवाय ते असलेली गाडी स्वस्तात मिळते.

गंजाकडे इंजिनाच्याही आधी पाहावे. इंजिन बाहेर काढून दुरुस्त करता येते, पण सडलेला सांगाडा दुरुस्त करण्याचा खर्च गाडीच्या किमतीवर जातो, आणि ओहायोत तर हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. या पिढीत पुढचा भाग वेगळ्या सबफ्रेमवर आणि मागचा भाग पत्र्याच्याच सांगाड्यावर उभा असतो. दोहोंना जोडणाऱ्या रबरी माउंटांच्या भोवतीचा पत्रा आधी तपासावा. सर्वांत फसवी जागा पुढच्या काचेच्या खालची कड. तिथे पाने आणि पाणी साचते, आतून पत्रा खाल्ला जातो, आणि पहिली खूण दिसते ती चालकाच्या पायाखालचा गालिचा ओला असण्याची. गालिचा उचलून खालचा पत्रा हाताने चाचपावा. छपरातल्या काढत्या काचांची रबरे गळतात हे जवळजवळ गृहीतच धरावे, विशेषतः १९७८ च्या आधी वापरलेल्या हर्स्टच्या लहान काचांची. त्या वर्षात मोठ्या काचांची फिशरची रचना आली, ती तुलनेने बरी. डिकीतले सुटे चाक बाहेर काढून दोन्ही बाजूंचे खोलगट कोपरे आणि मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगांचे पुढचे टोक जिथे बसते तो भाग बघावा. सोबत एक साधे लोहचुंबक न्यावे. मागच्या मडगार्डवर ते जिथे चिकटणार नाही तिथे पत्रा नसून पुट्टी आहे.

दाराची परीक्षा एका मिनिटात होते. दार पूर्ण उघडावे, कुलपाकडचे टोक दोन्ही हातांनी धरून वर उचलावे. दार लांब आणि जड असल्यामुळे बिजागऱ्यांच्या पिना झिजतात आणि टोक बोटभर वर-खाली हलते. पिना बदलणे सोपे आहे. पण त्यातून आधीच्या मालकाने गाडीकडे किती लक्ष दिले याचा अंदाज येतो.

पॉन्टिॲक इंजिनाची एक अंतर्गत खोड सांगतो, जी विक्रेते सांगत नाहीत, आणि बहुतेकांना ठाऊकही नसते. त्याच्या कॅमशाफ्टच्या मूळ टायमिंग गिअरला आवाज कमी व्हावा म्हणून नायलॉनचे दात बसवलेले होते. चाळीस-पन्नास वर्षांच्या उष्णतेने ते ठिसूळ होऊन तुटतात, तुकडे ऑइल चेंबरमध्ये पडतात आणि ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन बसतात. मग तेलाचा दाब हळूहळू उतरतो आणि बेअरिंगे जातात. कितीदा तरी चेंबर काढल्यावर तळाशी दातांचे पिवळट तपकिरी तुकडे वेचावे लागले आहेत. गाडी कमी चाललेली आहे, इंजिन कधी उघडलेलेच नाही, असे विकणारा अभिमानाने सांगत असेल तर टायमिंग चेन आणि गिअर बदलण्याचा खर्च लगेच हिशेबात धरावा. क्वाड्राजेटच्या तळाचे प्लगही झिरपतात. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी बराच वेळ किल्ली फिरवल्यावर सुरू होते, तेव्हा कारण बहुधा तेच असते. इंजिनात तेल घालताना जस्त जास्त असलेले घ्यावे, कारण जुन्या पद्धतीच्या कॅमला आजचे साधे तेल पुरेसे संरक्षण देत नाही. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुनी रबरी नळी फुगते, ती आधीच बदलावी. ॲव्हरेज लिटरला पाच किलोमीटरच्या आसपास मिळेल, त्यापेक्षा जास्तीची आशा धरू नये. पुढेमागे कॅलिफोर्नियात राहायला जाणार असाल तर तिथे १९७६ पासूनच्या गाड्यांना धूर-चाचणी अजूनही लागते, म्हणून मूळ उत्सर्जन-उपकरणे काढून टाकलेली गाडी तिथे अडचणीची ठरेल.

१९७९ नंतरची कथा थोडक्यात संपते. त्या वर्षी ४०० चा साठा केलेला शेवटचा माल फक्त हाताच्या गिअरसह विकला गेला, आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक मिळू लागले, जे तुमच्या १९७८ च्या गाडीत नसतील. मागे ड्रमच असेल. इंधनबचतीच्या केंद्रीय मानकांनी मोठ्या इंजिनाला जागा ठेवली नाही. १९८० मध्ये ३०१ घनइंचांचे टर्बो इंजिन आले, बॉनेटवरचा पक्षी त्याच्याबरोबर बदलला, पण गाडीचा जीव काही त्यात रमला नाही. १९८१ मध्ये ही पिढी थांबली, नॉरवूडचा कारखाना १९८७ मध्ये बंद झाला, फायरबर्ड २००२ मध्ये आणि पॉन्टिॲक हे नावच २०१० मध्ये संपले. सुटे भाग मात्र आजही भरपूर मिळतात, पुनरुत्पादित पत्र्यापासून डॅशबोर्डच्या सोनेरी पट्टीपर्यंत, आणि या गाडीच्या बाजूने हा एक मोठा व्यावहारिक मुद्दा आहे.

तुमच्यासमोरच्या गाडीबद्दल माझा सल्ला असा : मूळ बिलात डब्ल्यू-७२, डब्ल्यूएस-६ आणि चार-गतींचा गिअर हे तिन्ही दिसले आणि काचेखालचा पत्रा शाबूत असला, तर घासाघीस फार ताणू नये. ४०३ आणि ऑटोमॅटिक असेल पण पत्रा कोरडा व खणखणीत असेल, तरी घ्यावी, फक्त किंमत त्या मानाने द्यावी. काळा-सोनेरी साज मूळचा आहे की नंतर चढवलेला, हेही बिलावरच्या वाय-८४ या संकेतावरून कळेल. १९७८ ची काही सुरुवातीची वाय-८२ नेही नोंदलेली आढळतात. काचेखालचा पत्रा सडलेला असेल तर इंजिन कोणतेही असो, तो सौदा सोडून द्यावा. आणि पाहायला जाल त्या दिवशी आपण येईपर्यंत गाडी सुरू करू नका असे आधीच बजावून ठेवावे, कारण आधी गरम करून ठेवलेले इंजिन झिरपणारा कार्ब्युरेटर, थंडीतला धूर आणि सुरुवातीच्या काही सेकंदांतली टॅपेटांची खटखट हे तिन्ही दोष लपवते.